विकिडेटाच्या पानावर नकाशा उमटतो, आपल्या पानावर कोरा राहतो: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

स्पार्क्ल या माहिती मागण्याच्या भाषेत क्वेरी लिहिली, विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याच्या क्वेरी सर्व्हिसच्या पानावर चालवली, महाराष्ट्राच्या नकाशावर किल्ल्यांचे ठिपके झरझर उमटले. तीच क्वेरी उचलून स्वतःच्या वेबपानावर लावली, तर तिथे राखाडी चौकोन. हा बिघाड इतका ठरलेला आहे की त्याची कारणंही ठरलेली आहेत. मुळाशी एकच गोष्ट असते: क्वेरी सर्व्हिसचं पान तुमच्यासाठी गुपचूप बरंच काही करत असतं. भाषा भरतं, यूआरएल नीट बांधतं, अक्षांश-रेखांश ओळखतं. क्वेरी बाहेर नेली की ही सगळी कामं तुमच्या अंगावर येतात, आणि ती येतात हे कोणी सांगत नाही.

खालची उदाहरणं किल्ल्यांचा नकाशा आणि लीफलेट (वेबपानावर नकाशा काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) धरून आहेत. गुगल चार्ट्स किंवा डीथ्री वापरत असाल तरी नकाशाच्या डब्याचा भाग सोडून बाकी सारं तसंच लागू पडतं.

लक्षणं

- नकाशाची जागाच दिसत नाही, किंवा टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) पानभर विखुरतात.
- नकाशा दिसतो, पण ठिपका एकही नाही. कन्सोलमध्ये चूकही नाही.
- थोडे ठिपके उमटतात आणि मध्येच काम थांबतं.
- क्वेरीच्या पानावर शेकडो ओळी, आपल्या पानावर मूठभर.
- मराठी नावांऐवजी इंग्रजी नावं, किंवा क्यू आणि आकडे, म्हणजे विकिडेटातला नोंद क्रमांक.
- एकच किल्ला चार-सहा वेळा.
- उंचीचा तक्ता वेडावाकडा: ९६० मीटरचा गड १५६७ मीटरच्या वर.
- सकाळी चालतं, दुपारी सर्व्हरकडून ४२९ किंवा ५०० असा नकाराचा आकडा येतो.

यातली पहिली पाच लक्षणं बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुटतात. शेवटच्याला वेळ लागतो.

आधी नकाशा मागे घ्या

फुकटातली तपासणी आहे, म्हणून पहिली. नकाशा पूर्ण झूम आउट करा आणि नॉर्वेच्या उत्तरेला बघा. तिथे ठिपक्यांचा घोळका दिसला तर निदान झालं: अक्षांश आणि रेखांश उलटे पडले आहेत.

कारण असं. विकिडेटा स्थान देताना ते ‘पॉइंट(७३.४४ १८.२३)’ अशा मजकुरात देतो. आधी रेखांश, मग अक्षांश, मध्ये फक्त मोकळी जागा, स्वल्पविराम नाही. हा रायगड. लीफलेटच्या मार्करला मात्र आधी अक्षांश लागतो. आकडे आले तसे दिले की रायगड ७३ अंश उत्तरेला, नॉर्वेच्या पलीकडच्या समुद्रात जाऊन बुडतो आणि विदर्भातले किल्ले स्वालबार्डच्या बर्फाळ बेटांच्या आसपास पडतात. गंमत म्हणजे चूक कुठेच दिसत नाही, कारण ७३ अंश हा अगदी वैध अक्षांश आहे. नकाशा महाराष्ट्रावर रोखलेला असतो, त्यामुळे तो नुसता रिकामा वाटतो.

एक सावधगिरी. लीफलेटच्या जिओजेसन (नकाशाच्या माहितीचा ठरीव साचा) थराला मात्र रेखांशच आधी लागतो. मार्करसाठी उलटापालट केलेली जोडी तशीच तिथे दिली की परत स्वालबार्ड. उलटापालट एकाच ठिकाणी करा, ज्या फंक्शनमध्ये ‘पॉइंट’ काढून टाकता तिथेच, आणि पुढे कुठेही करू नका.

डबा तपासा

नकाशाच्या डिव्हला उंची दिली आहे का? लीफलेट स्वतः उंची ठरवत नाही. स्टाइलमध्ये ४०० पिक्सेल असं स्पष्ट लिहिलं नाही, तर डब्याची उंची शून्य आणि नकाशा शून्यात. शंभर टक्के उंची लिहिली असेल तर बाहेरच्या डब्यालाही उंची हवी, नाहीतर शंभर टक्के शून्य म्हणजे शून्यच. टाइल्स विखुरलेल्या दिसल्या तर लीफलेटची सीएसएस फाइल पानात जोडलेली नाही. टॅबमध्ये किंवा घडीत लपवलेला नकाशा उघडल्यावर कोपऱ्यात एकच टाइल दिसत असेल, तर टॅब उघडल्यानंतर ‘इनव्हॅलिडेटसाइज’ बोलवा.

ठिपके आहेत पण पार्श्वभूमीच्या टाइल्स अडवल्या जात असतील, तर पानाचं रेफरर धोरण बघा. ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल सर्व्हरला विनंती कोणत्या साइटवरून आली हे कळावं लागतं. पानाने रेफरर पूर्ण लपवला की तो टाइल नाकारू शकतो. श्रेयाची ओळही ठेवा, ती त्यांची अट आहे.

एम्बेड लावून बघा

क्वेरी सर्व्हिसच्या पानावर निकालाचा आयफ्रेम कोड मिळतो. तो एका रिकाम्या एचटीएमएल पानात चिकटवा. दोन मिनिटांचं काम, पण बिघाड कोणत्या बाजूला आहे ते इथेच कळतं. आयफ्रेममध्ये नकाशा आला तर क्वेरी ठणठणीत आहे, दोष तुमच्या स्क्रिप्टमध्ये. आयफ्रेमही रिकामा असेल तर क्वेरीच बघा. रिकाम्या पानात आयफ्रेम चालतो पण तुमच्या साइटवर चालत नाही, तर साइट आयफ्रेम गाळते आहे किंवा तिचं सुरक्षा धोरण परक्या चौकटी नाकारतं आहे.

खरं सांगायचं तर लेखात एक नकाशा हवा असेल तर इथेच थांबा. आयफ्रेम ठेवा आणि पुढचं सगळं सोडून द्या.

एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा

पान रिफ्रेश करा, स्पार्क्लची विनंती शोधा, तिच्यावर क्लिक करा. दोन गोष्टी बघायच्या: स्थितीचा आकडा आणि उत्तराचा मजकूर.

२०० आहे पण उत्तर एक्सएमएलमध्ये आहे: तुम्ही जेसन (स्क्रिप्टला सहज वाचता येणारा साचा) मागितलंच नाही. हेडरमध्ये ‘ॲक्सेप्ट’ म्हणून स्पार्क्ल-रिझल्ट्स-जेसनचा प्रकार लिहा, किंवा यूआरएलला फॉरमॅट बरोबर जेसन असा पॅरामीटर जोडा. जेसन वाचणारं फंक्शन पहिल्याच कोनी कंसाला अडखळतं, ते यामुळे.

४०० म्हणजे क्वेरीचं व्याकरण तुटलं. उत्तराच्या मजकुरात ओळ क्रमांक असतो, तो वाचा. इथे बहुतेक लोक क्वेरी पुन्हा पुन्हा तपासतात आणि ती बरोबरच असते. ती वाटेत तुटलेली असते. त्याबद्दल पुढच्या भागात.

४२९ म्हणजे फार विनंत्या. एका ग्राहकाला दर ६० सेकंदांत ६० सेकंदांचा प्रक्रिया वेळ आणि एका आयपीवरून एकावेळी ५ समांतर क्वेऱ्या, अशी मर्यादा आहे. उत्तरात किती सेकंद थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं थांबा. न थांबता मारा चालू ठेवला की काही काळ ४०३ मिळतं. पीएचपी किंवा पायथनमधून सर्व्हरवरून विनंती करत असाल आणि पहिल्याच फटक्याला ४०३ येत असेल, तर यूजर-एजंटमध्ये प्रकल्पाचं नाव आणि संपर्क लिहा.

२०० आहे, जेसन आहे, तरी वाचता येत नाही: उत्तराच्या अगदी तळाशी जा. निकाल पाठवता पाठवता वेळ संपला तर जेसन अर्धवट तुटतं आणि शेवटी जावाचा अपवाद चिकटलेला दिसतो. स्थिती २०० असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

यूआरएलमध्ये हरवलेलं अधिकचिन्ह

हा सगळ्यात फसवा बिघाड, म्हणून सावकाश.

किल्ले महाराष्ट्रातले हवेत, म्हणून क्वेरीत पी१३१ हा ‘कोणत्या प्रशासकीय विभागात’ सांगणारा गुणधर्म आणि क्यू११९१, म्हणजे महाराष्ट्र. किल्ला थेट राज्याला जोडलेला क्वचितच असतो. तो तालुक्याला किंवा जिल्ह्याला जोडलेला असतो आणि तिथून वर चढत राज्यापर्यंत जावं लागतं. म्हणून पी१३१ च्या पुढे अधिकचिन्ह लावतात: एक किंवा जास्त पायऱ्या.

आता यूआरएलमध्ये उघडं अधिकचिन्ह म्हणजे मोकळी जागा. क्वेरी नीट एन्कोड न करता, म्हणजे खास चिन्हं सांकेतिक रूपात न बदलता पाठवली की सर्व्हरला ते चिन्ह दिसतच नाही. उरलेली क्वेरी व्याकरणदृष्ट्या अगदी शुद्ध राहते, फक्त तिचा अर्थ होतो ‘थेट राज्यालाच जोडलेले किल्ले’. स्थिती २००, चूक नाही, जेसन सुरेख, आणि ठिपके मूठभर. माणूस दिवसभर विकिडेटातली माहिती अपुरी आहे म्हणून बोटं मोडत बसतो.

हॅश चिन्हाचंही तसंच. यूआरएलमध्ये हॅशनंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. क्वेरीच्या पहिल्या ओळीत ‘डिफॉल्टव्ह्यू मॅप’ ही टिप्पणी हॅशने सुरू होते, म्हणून अख्खी क्वेरी तिथेच कापली जाते. मध्येच कुठे टिप्पणी असेल तर महिरपी कंस उघडे राहतात आणि ४०० येतं.

दोन्हींचं मूळ एकच: ‘एन्कोडयूआरआय’ हे फंक्शन अधिकचिन्ह, हॅश आणि अँपरसँड यांना हात लावत नाही. त्याच्या जागी ‘एन्कोडयूआरआयकॉम्पोनंट’ वापरा. त्याहून बरं, ‘यूआरएलसर्चपॅराम्स’ला क्वेरी द्या आणि स्वतः काही जोडू नका. खात्री करायची तर नेटवर्क टॅबमधली पूर्ण यूआरएल बघा: पी१३१ नंतर टक्का-२-बी दिसलं पाहिजे. ‘डिफॉल्टव्ह्यू’ची ओळ काढूनच टाका, ती फक्त क्वेरीच्या पानाला कळते.

नावं मराठीत का येत नाहीत

लेबल सर्व्हिसच्या ओळीत ‘ऑटो लँग्वेज’ असा चौकटी कंसातला शब्द असतो. तो क्वेरीचं पान तुमच्या भाषेने बदलतं. थेट एंडपॉइंटला (क्वेऱ्या स्वीकारणाऱ्या पत्त्याला) पाठवला तर तो तसाच राहतो आणि त्या नावाची भाषा जगात नाही. मग पुढे इंग्रजी लिहिलेली असेल तर इंग्रजी नाव, नसेल तर क्यू आणि आकडा. त्या जागी स्वतः मराठीसाठी एमआर, हिंदीसाठी एचआय, सर्व भाषांना चालणाऱ्या नावासाठी एमयूएल, इंग्रजीसाठी ईएन असा क्रम लिहा. तरीही काही ठिकाणी क्यूच दिसला तर त्या नोंदीला लेबलच नाही. विकिडेटावर जाऊन जोडा, एक मिनिट लागतं.

नावावरून किल्ला शोधत असाल आणि शून्य निकाल येत असेल तर अवतरणानंतर एमआर हा भाषेचा शेपटा लावला आहे का बघा. शेपटा नसलेला ‘रायगड’ आणि शेपटा असलेला ‘रायगड’ स्पार्क्लच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. शेपटा लावल्यावर त्याच नावाच्या दुसऱ्या नोंदीही येतील, त्याला इलाज नाही. नावापेक्षा क्यू क्रमांक देणं केव्हाही बरं.

यादी अकारविल्हे लावताना आणखी एक. क्वेरीतला ‘ऑर्डर बाय’ युनिकोडच्या क्रमाने लावतो, त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो. मराठी वाचकाला तो ‘ह’नंतर हवा असतो. क्रम ब्राउझरमध्ये लावा, ‘लोकेलकंपेअर’ला भाषा एमआर सांगून.

उत्तरातली प्रत्येक ओळ एकसारखी नसते

जेसनमध्ये ‘रिझल्ट्स’च्या आत ‘बाइंडिंग्ज’, त्यात एक एक ओळ, आणि प्रत्येक रकान्यात प्रकार आणि मूल्य. मूल्य नेहमी मजकूर असतं, आकडा असला तरी. म्हणून १५६७ आणि ९६० यांची तुलना अक्षरांसारखी होते आणि ९ हा १ पेक्षा मोठा ठरतो. ‘नंबर’ फंक्शनमधून काढा, मग तक्त्याला द्या. देवनागरी अंक हवे असतील तर ते अगदी शेवटी, दाखवताना करा. ‘१,५६७’ परत आकडा म्हणून वाचता येत नाही.

क्वेरीत ‘असेल तर दे’ असं सांगणाऱ्या ‘ऑप्शनल’मधलं मूल्य नसेल तर तो रकाना रिकामा येत नाही, तो येतच नाही. चित्र नसलेला पहिला किल्ला आला की त्याच्या मूल्याला हात घालणारी ओळ कोसळते आणि लूप थांबतो. अर्धे ठिपके उमटून काम बंद पडतं ते इथे. आधी रकाना आहे का विचारा, मग वाचा. उलट, ‘ऑप्शनल’ लावलाच नाही तर चित्र नसलेले किल्ले निकालातून गायब होतात. दोन्हीतला फरक नकाशावर कळत नाही, ओळी मोजूनच कळतो.

‘मूल्य आहे पण माहीत नाही’ असं नोंदलेलं असेल तर स्थानाच्या किंवा तारखेच्या जागी ‘जेनआयडी’ असलेला एक पत्ता येतो. त्याचा प्रकार यूआरआय असतो. स्थान वाचण्यापूर्वी प्रकार लिटरल आहे याची खात्री करा. (चंद्रावरची विवरं दाखवायला गेलात तर पॉइंटच्या आधी चंद्राचा पत्ताही येतो. किल्ल्यांना ती अडचण नाही.)

उंचीचा तक्ता करत असाल तर पी२०४४ या उंचीच्या गुणधर्माचा साधा मार्ग फक्त आकडा देतो, एकक देत नाही. साल्हेर १५६७ मीटर, म्हणजे ५१४१ फूट. कोणी फुटांत नोंद केली असेल तर त्या गडाचा खांब बाकीच्यांच्या तिप्पट उभा राहतो. एकक समान करून हवं असेल तर पीएसएन या उपसर्गाचा मार्ग घ्या.

तारखांची खोड परदेशात उघडी पडते. केवळ वर्ष माहीत असलं तरी मूल्य त्या वर्षाच्या १ जानेवारीचं, युटीसी मध्यरात्रीचं येतं. भारतात ते साडेपाच तास पुढे जातं, वर्ष तेच राहतं. न्यू जर्सीतल्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये ते ३१ डिसेंबर होतं आणि वर्ष एकाने घटतं. ‘गेटयूटीसीफुलइयर’ वापरा.

एकच किल्ला सहा वेळा

किल्ल्याला दोन चित्रं आणि तीन स्थानं नोंदलेली असतील तर दोन गुणिले तीन, सहा ओळी येतात. ‘डिस्टिंक्ट’ने हे सुटत नाही, कारण प्रत्येक ओळ खरोखर वेगळी आहे. किल्ल्यावर ‘ग्रुप बाय’ करा आणि बाकीच्यांवर ‘सॅम्पल’ लावा. चित्राच्या पत्त्याला रुंदी ३०० असा पॅरामीटर जोडा, नाहीतर विकिमीडिया कॉमन्सवरची मूळ कित्येक एमबीची फाइल प्रत्येक पॉपअपमध्ये उतरेल. पत्ता एचटीटीपीने सुरू होतो, तो एचटीटीपीएस करून घ्या.

पॉपअपमध्ये नाव घालताना ते मजकूर म्हणूनच घाला, एचटीएमएल म्हणून नको. विकिडेटात कोणीही लिहू शकतं.

वेळ संपतो

क्वेरीला ६० सेकंद मिळतात. त्यापलीकडे ती मारली जाते. लक्षणांतलं ५०० ते बहुधा हेच. वेळ खाणाऱ्या गोष्टी बहुधा तीन: लेबलात शब्द शोधणारा ‘फिल्टर’, एकाच क्वेरीत (पी१३१ च्या अधिकचिन्हासारख्या) दोन-दोन अमर्याद साखळ्या, आणि हजारो ओळींवर चालणारी लेबल सर्व्हिस. शब्दशोध काढा आणि क्यू क्रमांक ‘व्हॅल्यूज’मध्ये द्या. किल्ले आधी आतल्या उपक्वेरीत निवडा, नावं बाहेर लावा. ‘ऑर्डर बाय’ असताना ‘लिमिट’ लावून वेग येत नाही, कारण क्रम लावायला आधी सगळ्याच ओळी लागतात.

शोधनिबंध किंवा त्यांचे लेखक दाखवणारी जुनी क्वेरी अचानक शून्यावर आली असेल तर क्वेरीला दोष देऊ नका. मे २०२५ मध्ये क्वेरी सर्व्हिसचा माहितीसाठा दोन भागांत विभागला गेला आणि शोधनिबंध वेगळ्या एंडपॉइंटवर गेले.

आणि मुळात प्रत्येक वाचकासाठी क्वेरी नव्याने चालवायची गरज काय? किल्ले रोज जागा बदलत नाहीत. दिवसातून एकदा क्वेरी चालवून निकाल जेसन फाइलमध्ये साठवा आणि पानाला ती फाइल वाचू द्या. ४२९, वेळ संपणं आणि संथपणा, तिन्ही एकदम जातात. फक्त ते पान फोल्डरमधून डबल क्लिक करून उघडू नका. ब्राउझर तशी स्थानिक फाइल वाचू देत नाही. साधा लोकल सर्व्हर लावा.

दुसऱ्याचा सर्व्हर

विकिडेटा सोडून दुसऱ्या संस्थेच्या एंडपॉइंटकडे गेलात तर तीन गोष्टी बदलतात. उपसर्ग (लांब पत्त्यांची छोटी रूपं) आधीपासून घोषित नसतात, ते क्वेरीत लिहावे लागतात. ओळींवर गुपचूप कात्री असू शकते: विकिपीडियातून माहिती काढणाऱ्या डीबीपीडियाचा एंडपॉइंट १०,००० ओळींवर थांबतो. नेमक्या १०,००० ओळी आल्या तर तो योगायोग नाही, ‘ऑफसेट’ लावून पुढच्या मागा. आणि कन्सोलमध्ये कॉर्सची (परक्या साइटला उत्तर वाचू देण्याच्या परवानगीची) तक्रार आली, तर त्या परवानगीचा हेडर त्या सर्व्हरने द्यायचा असतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये काहीही लिहून तो येत नाही.

कुठे थांबायचं

कॉर्सची अडचण परक्या सर्व्हरवर असेल तर त्या सर्व्हरच्या प्रशासकाला लिहा. तो लवकर उत्तर देणार नसेल तर वर सांगितलेली साठवलेली फाइल वापरा. कोणाचाही फुकटचा प्रॉक्सी मध्ये घालू नका. तो उद्या बंद होतो किंवा उत्तरात भलतंच काही मिसळतो.

क्वेरी लहान करूनही ६० सेकंदांत बसत नसेल तर विकिडेटावर ‘रिक्वेस्ट अ क्वेरी’ नावाचं पान आहे, तिथे टाका. तिथली माणसं हे रोज करतात.

आणि एंडपॉइंट तुमच्याच संस्थेचा असेल, त्यात लिहिण्याचे अधिकार उघडे दिसत असतील, किंवा पासवर्ड पानाच्या स्क्रिप्टमध्ये लिहूनच डेटा येत असेल, तर पुढे एक ओळही लिहू नका. पान उतरवा, पासवर्ड बदलायला सांगा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला बोलवा. नकाशा नंतर होईल.